ब्रिटिश विनोदवीरांच्या तुमच्या कौतुकात रॉनी बार्कर राहिला की!
जॉन क्लीजच्या कौतुकाला +1, त्याच्या फॉल्टी टॉवर्स या टीव्ही मालिकेचे जेमतेम 12 भाग पण अजून पुरून उरतात, फक्त कॉनी बूथने बरोबरीने लिहिलंय ते, तिलाही द्या की श्रेय. आणि रॉनी बार्करला कसे काय विसरलात? हा बाबा जेराल्ड वायली अशा खोट्या नावाने स्क्रिप्ट पाठवायचा, का तर माझं नाव बघून घेऊ नका, लिखाण बघा! 1976 चं ते हार्डवेअरच्या दुकानातलं स्किट बघाच. बार्कर मागतो फोर्क हँडल्स (बागकामाच्या फोर्कचे दांडे), पण बोलताना 'ह' खातो, मग दुकानदार झालेला रॉनी कॉर्बेट ते 'फोर कँडल्स' समजून निमूट चार मेणबत्त्या काढून ठेवतो. पुढे 'ओज' मागितले तर आधी कुदळ (hoe), मग पाइप (hose)... त्याला हवं असतं गेटवर लावायचं ओ अक्षर. कॉर्बेटचा वैतागत जाणारा चेहरा, आहाहा!