राखीव सैन्यात वरिष्ठ अधिकारी किती हवेत, हे ठरवायचं कसं?

गोदाकाठ (नांदेड):
प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मी, आपलं अर्धवेळ राखीव सैन्य) आकृतिबंधावर, म्हणजे कोणत्या हुद्द्याची किती पदं यावर, टिपण लिहितोय. समजा ४०,००० जणांचं राखीव दल आहे. नियमित सैन्यात जेवढ्या जवानांमागे एक जनरल, तेच गुणोत्तर इथं लावलं तर चालेल का?

दुधना (जालना):
नाही चालणार, भाऊ. गुणोत्तर डोकी मोजतं. हुद्दा लागतो कामाला. आपल्या संभाजीनगरची १३६ इको बटालियन बघा. माजी सैनिक, झाडं लावायची, खर्च राज्याचा. तिला कर्नल पुरतो. अशा १० बटालियन १० राज्यांत असल्या म्हणून वर ब्रिगेडिअर लागत नाही. पण ३ पायदळी बटालियन युद्धात एकत्र ब्रिगेड म्हणून उतरणार असतील, तर लागतोच.

म्हणून पदनिहाय जा. कर्नलच्या वरचं एकेक पद एका ओळीत मांडा आणि पुढं रकाने पाडा: हाताखाली कोणत्या तुकड्या, कोणता निर्णय वर न विचारता घ्यायचा, समोर कोणत्या हुद्द्याशी बोलायचं, जमवाजमव (युद्धासाठी राखीव दल बोलावणं) झाल्यावर पद राहतं का. शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात: इथं राखीव अधिकारीच का? नियमित सैन्यातला चालत असेल तर ती ओळ खोडा. आज मंजूर पदं किती, हे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघितलं की तोच आकडा 'गरज' म्हणून परत येतो.

मांजरा (लातूर):
वरच्याशी सहमत. अमेरिकेचे आकडे घेणार असाल तर जपून. तिथल्या कायद्यात राखीव जनरल-अ‍ॅडमिरलांची कमाल संख्या लष्कर २०७, हवाई दल १५७, नौदल ४८, मरीन १०, म्हणजे ४२२ आहे. ही मर्यादा झाली, गरज नव्हे. राज्यांच्या नॅशनल गार्डचे (तिथलं राज्यनिहाय राखीव दल) प्रमुख, म्हणजे अ‍ॅडज्युटंट जनरल, तर यात धरलेलेच नाहीत. शिवाय त्यांचा ब्रिगेडिअर जनरल 'जनरल'मध्ये मोजतात, आपला ब्रिगेडिअर नाही.

अर्धवेळ नोकरीचंही बघा. तिथल्यासारखं महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षाला दोन आठवडे येणाऱ्याकडं रोज सही लागणारं पद देऊ नका. ते पूर्णवेळच हवं. आपल्याकडं लेफ्टनंट कर्नलपर्यंत बढती कालबद्ध (ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर), कर्नल आणि ब्रिगेडिअर निवडीनं. बढती तुंबते म्हणून वरची पदं वाढवणं चूकच.

गोदाकाठ:
एकाच अधिकाऱ्याकडं दोन पदं असतील तर?

दुधना:
जमवाजमवीच्या पहिल्या दिवशी दोन्ही खुर्च्यांवर माणूस लागणार असेल तर दोन मोजा. नाहीतर एकच.