मदत हवी आहे: स्वतःच्या पेरिकार्डियमपासून केलेला आओर्टिक व्हॉल्व्ह (खानापूर-बेळगाव)

नमस्कार मंडळी. आक्काच्या मुलीसाठी विचारतोय. वय 24, लग्न झालेलं, सासर खानापूर तालुक्यात. लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे, तो रुमॅटिक फिव्हर होता हे आता इको केल्यावर कळतंय. आओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप) आखडलाय, रक्त उलटं गळतंय, हृदयाचा डावा कप्पा मोठा व्हायला लागलाय. पाण्याची एक घागर आणली की पायरीवर बसते आणि बोलायला दम पुरत नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी व्हॉल्व्ह बदलायला सांगितलंय.

मेटलचा घातला तर टिकतो, पण रक्त पातळ करायची गोळी (वॉरफरिन) जन्मभर. तिला मूल हवंय, आणि वॉरफरिननं पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो, पहिल्या तीन महिन्यांत जास्तच. टिश्यू व्हॉल्व्ह गाईगुरांच्या नाहीतर डुकराच्या ऊतीचा. त्याला ती गोळी कायमची लागत नाही, पण तरुण माणसात तो लवकर कडक होतो, म्हणजे पुन्हा छाती उघडणं आलंच. त्यात सासूबाई माळकरी. 'गाईचा' म्हटल्यावर त्या दिवसभर जेवल्या नाहीत. डुकराचं मी बोललोच नाही.

कोल्हापूरला दुसरं मत घेतलं, तिथं ओझाकी पद्धत कळली. टोकियोचे डॉ. शिगेयुकी ओझाकी 2007 पासून ती करतात. हृदयाभोवतीच्या पिशवीचा, म्हणजे पेरिकार्डियमचा, तुकडा पेशंटचाच घ्यायचा, ग्लुटाराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या रसायनात 10 मिनिटं ठेवायचा, सलाइननं धुवायचा. मग तिन्ही पाकळ्यांची मापं वेगवेगळी घेऊन त्या कापायच्या आणि जुन्या पाकळ्यांच्या जागी शिवायच्या. ब्लाउजचं माप घेतात तसंच की, असं आक्का म्हणाली.

रुमॅटिकच्या तरुण पेशंटला हे केलेलं कुणाच्या घरात आहे का? किती टिकलं? आणि योजनेचं काय? 2023 मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, कर्नाटकानं विरोध केला. आमचं रेशनकार्ड कन्नडमधलं. कोल्हापुरात ते दाखवलं की काउंटरवरचा माणूस उलटसुलट करून परत देतो.

प्रतिसाद १
दादा, आधी मायट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या बाजूचा दुसरा व्हॉल्व्ह) कसा आहे ते विचारा. रुमॅटिकमध्ये बहुतेकदा तोही खराब असतो. तिथं मेटल बसवावा लागला तर गोळी येणारच, मग ओझाकीचा निम्मा फायदा गेला. दुसरं म्हणजे पेरिकार्डियम जाड किंवा चिकटलेलं असेल तर पाकळ्या नीट होत नाहीत, ते छाती उघडल्यावरच कळतं. तसं निघालं तर तुम्ही काय घालणार, हे सर्जनला आजच विचारून ठेवा. ओझाकींनी 850 पेशंटचे निकाल छापलेत आणि ते चांगले आहेत, पण त्यात वयस्कर माणसं बरीच होती. 24 वर्षांच्या मुलीला तेच लागू पडेल असं मी तरी धरणार नाही. या सर्जननं स्वतः किती केलीत हे विचारायला लाजू नका. साध्या व्हॉल्व्हपेक्षा यात हृदय जास्त वेळ थांबवून ठेवावं लागतं, हात बसलेला पाहिजे.

प्रतिसाद २
पैशांचं: योजनेत पॅकेज साध्या व्हॉल्व्ह बदलण्याचं असतं, ओझाकी त्यात धरतात का हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेची मदत करणाऱ्या माणसाकडून) लेखी घ्या. बीपीएल कार्ड असेल तर आरोग्य कर्नाटकात कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, बंगळूरच्या जयदेव या सरकारी हृदयरोग हॉस्पिटलातही एकदा दाखवा. आणि कुठलाही व्हॉल्व्ह घाला, रुमॅटिक ताप परत येऊ नये म्हणून देतात ते पेनिसिलिनचं इंजेक्शन बंद करायचं नाही. दातांची कामं ऑपरेशनच्या आधी उरकून घ्या, नंतर त्यातून व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होतो.

धागाकर्ता
रिपोर्ट काढून बघितला. मायट्रलपुढं 'माइल्ड' लिहिलंय, म्हणजे सध्या तो हात लावण्यासारखा नसावा, तरी डॉक्टरांना विचारतो. एक दाढ किडलेली आहे, ती या आठवड्यात काढतोय. इंजेक्शन तिला कुणी सुरूच केलेलं नाही! हे दर एकवीस दिवसांनी सरकारी दवाखान्यात मिळतं का, खानापूरकडचं कुणी सांगेल का?