तेरीज जुळते, पुरवठादाराच्या खात्यात ९०० रुपयांचा फरक. चूक कुठे शोधू?

हार्डवेअर दुकानाची २०२४-२५ची वही, टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तेरीज (सर्व खात्यांच्या नावे-जमा बाकींची यादी) तंतोतंत जुळते, पण एका पुरवठादाराच्या उताऱ्यात ३१ मार्चला आमच्यापेक्षा १८,६०० रुपये जास्त देणे दिसते.

पैकी १७,७०० सापडले. १५,००० अधिक १८% जीएसटीचे एक बिल नोंदवलेच नव्हते. दोन्ही बाजू गाळल्या की तेरजेला पत्ताच लागत नाही. जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारी खरेदीची यादी) ताडताना ते दिसले.

उरले ९००. रकमेला ९ने भाग जातो, म्हणून अंकांची अदलाबदल (५,४९०चे ४,५९०) धरून बाकीची सगळी बिले ताडली, ती बरोबर आहेत. नावे-जमा उलटले असेल (तेव्हा फरक दुप्पट पडतो) म्हणून ४५०ही शोधले, नाही. आरंभीची शिल्लक उताऱ्याशी जुळते, बँक जुळवणी पूर्ण आहे, टीडीएस लागू नाही. सस्पेन्स खाते (न सापडलेला फरक तात्पुरता ठेवायचे खाते) इथे निरुपयोगी, कारण बेरजेत फरकच नाही.

आता माझा संशय रोखीच्या पावत्या, डेबिट नोटा (माल परतीसारख्या कारणाने पुरवठादाराच्या नावे टाकलेली रक्कम) आणि दुसऱ्या पुरवठादाराचे पैसे चुकून इथे नावे पडणे यांवर आहे. एडिट लॉग (नोंदींतल्या बदलांचा टॅलीतला इतिहास) सुरू नव्हता आणि इतर पुरवठादारांपैकी दोघांचेच उतारे हाती आहेत.

या तिन्हींत आधी काय तपासावे? आणि ९०० ही दोन-तीन चुकांची बेरीज असेल, तर ती टॅलीत कशी पकडायची?