मदत हवी आहे: लेकाने शेवटचं वर्ष सोडून मायनर लीग बेसबॉलचा करार करावा का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक 21 वर्षांचा, डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), इंजिनीअरिंगची तीन वर्षं झाली आहेत. जुलैच्या ड्राफ्टमध्ये (मोठ्या लीगचे संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, त्यात) विसाव्या फेरीपर्यंत आम्ही टीव्हीसमोर बसून होतो, त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी एका संघाचा फोन आला. ड्राफ्टबाहेरून घेतो म्हणाले, सुरुवात मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवर, बोनस 20 हजार डॉलर. गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

पगाराचं मी वाचलंय. 2023 मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार झाला, त्यात अगदी खालच्या पायरीला वर्षाला किमान 19,800 डॉलर, वरच्या दोन पायऱ्यांपैकी डबल-एला 30,250 आणि सगळ्यात वरच्या ट्रिपल-एला 35,800 ठरले. राहायची सोय संघच करतो. ट्रिपल-एला आधी 17,500 मिळायचे, म्हणजे बरंच सुधारलंय. पैशांची ओढाताण आम्ही निभावू.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. 2021 मध्ये मायनर लीगचे संघ 160 वरून 120 वर आणले, नंतर मोठ्या लीगच्या एका क्लबने मायनर लीगमध्ये किती खेळाडू ठेवायचे तो आकडाही 180 वरून 165 झाला. दर जुलैत नवी पोरं येतातच. ज्याच्यावर लाखो डॉलर लावलेत त्याला संघ चार वेळा सांभाळून घेईल. 20 हजारवाल्याला किती संधी देतात? पहिल्याच वर्षी काढून टाकलं, तर कॉलेजच्या संघात परत खेळता येणार नाही. उलट आत्ता थांबला, तर पुढच्या वर्षी वय वाढलेलं आणि कॉलेज संपलेलं, म्हणून घासाघीस करायला हातात काही नाही.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवत असतील. (हा रिंकू क्रिकेटवाला नव्हे.) उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाने पिचर म्हणून घेतले. दिनेशला 2010 मध्ये सोडलं. रिंकू लो-ए या मायनर लीगच्या खालच्या पायरीपर्यंत चढला, मग कोपराचं ऑपरेशन झालं. ते कोपर माझ्या डोक्यातून जात नाही.

लेक लहान असताना आजी त्याच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्यात द्यायची, हा परत डाव्यात घ्यायचा. आज त्याच हाताने ताशी 92 मैलांचा चेंडू टाकतो आणि रात्री स्वयंपाकघरात कोपराला बर्फ बांधून बसतो. काल म्हणाला, "आई, नाही गेलो तर आयुष्यभर मनात राहील." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

कुणाचा मुलगा, भाचा, शेजारी या वाटेने गेला आहे का? राहिलेल्या शिक्षणाची फी संघाने भरायची, असं कलम करारात घालून घेता येतं म्हणतात. एवढ्या छोट्या बोनसवाल्याला ते देतात का? त्यासाठी एजंट हवाच का, की वकिलाकडून कागद वाचून घेतला तरी पुरे? आणि दुखापत झाली तर ऑपरेशननंतरचे महिने संघ सांभाळतो का?

इथे लिहायचं नसेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. फोनवर बोलायलाही मी केव्हाही तयार आहे.