फोटो पाठवून ‘सेम असंच करून द्या’ म्हणतात, तुम्ही काय करता?

तारवाली_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी घरीच तारेचे दागिने करते. पितळी तार, काचेचे मणी, ऐपत असेल त्या महिन्यात ओनिक्स. सामान भुलेश्वरहून, मशीद बंदरला उतरून चालत. सहा वर्षं झाली. फार मोठा धंदा नाही, पण लेकाच्या क्लासची फी निघते.

काल एका ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर झुमक्यांचा फोटो पाठवला. “सेम असंच हवंय, फक्त हिरव्याऐवजी मरून.” जिने केलेत तिचं नाव खाली होतं ते कापलंय, पण अर्धं अक्षर राहिलंय आणि तेवढ्यावरून मी ओळखलं. ठाण्याची मुलगी आहे, मी तिला फॉलो करते. मी काही बोलायच्या आत 300 रुपये अ‍ॅडव्हान्सही आला.

एरवी मी फार विचार केला नसता. पण गेल्या दिवाळीत शिवाजी पार्कजवळ एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं, मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घेतलं होतं. माझ्याकडे एक कानातलं होतं, चंद्रकोर आणि तिला खाली मण्यांची झालर. दुपारी, जेवायच्या वेळेला, साठीच्या एक बाई आल्या. बोटांवर तारेचे ओरखडे. ते दिसले तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्यांनी कानातलं उचललं आणि आधी उलटं केलं. गिऱ्हाईक कधी मागची बाजू बघत नाही हो. अंगठ्याने तारेचं टोक चाचपलं, टोचतंय का ते. मग मागे वरच्या अंगाला एक बारीक कडी होती, तिच्यावर नख टेकवून म्हणाल्या, “ही कशाला घातलीस?”

मला सांगता येईना. इन्स्टावर ज्याचे फोटो झूम करकरून मी ते केलं होतं त्यात कडी होती, म्हणून माझ्यातही होती. मी आपलं म्हटलं, “डिझाईनच तसं आहे.”

“आमच्या आईच्या कानाची भोकं ओघळली होती. वजन पेलणारी वेलाची साखळी अडकवायला ठेवली होती मी ती कडी.” एवढं म्हणून कानातलं होतं तिथे नीट ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझी चंद्रकोर जरा मोठी होती आणि पाचाऐवजी सात मणी होते. तेवढ्यावर मी स्वतःला ‘इन्स्पायर्ड’ म्हणवून घेत होते.

आता मला सांगा. चंद्रकोर काही त्यांची नाही. झालर त्यांची नाही. वेल तर आपल्या पणज्यांच्या कानात होते. मग मी नेमकं घेतलं काय? आणि या मरून झुमक्यांचं काय करू?

गल्ली_नंबर_सात

रंग बदलला की डिझाईन बदलतं म्हणता? मग आमच्या ह्यांच्याकडे चौदा वेगवेगळे शर्ट आहेत असं म्हणायला हवं. 😀 नाही म्हणून सांगा ताई.

अर्धी_वकील

कायद्याचं विचारलं नाहीये, तरी सांगते, कारण इथे दर महिन्याला कोणीतरी “कॉपीराइट टाकते” म्हणून धमकावतं. दागिन्याचा आकार, घडण हे मुख्यतः डिझाईन्स अ‍ॅक्ट 2000 खाली येतं. नोंदणी केली तर 10 वर्षं, पुढे 5 वाढवून मिळतात. पण अर्ज करायच्या आधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं चालत नाही. आपण काय करतो, तार थंड व्हायच्या आत इन्स्टावर फोटो! तिथेच नवेपण संपलं. अर्ज अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात देता येतो, तिथून तो कोलकात्याला जातो.

नोंदणी न करता कॉपीराइटवर विसंबायचं, तर 1957 च्या कायद्यातलं कलम 15 बघा. नोंदवता येण्यासारखं डिझाईन नोंदवलं नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याचे 50 हून जास्त नग निघाले, की कॉपीराइट जातो. हाताने एकेक वळलेलं ‘औद्योगिक’ की नाही, यावर वकील आनंदाने भांडतील.

कल्पना मात्र कोणाचीच नसते. 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने नाटक आणि सिनेमाच्या वादात कसोटी सांगितली होती: दोन्ही पाहिलेल्या माणसाला दुसरं हे पहिल्याची नक्कल आहे असं स्पष्ट वाटतं का? ताई, तुमच्या टेबलाशी दोन्ही पाहिलेलं माणूसच उभं होतं.

झवेरी_बाजारचा_नातू

आमच्या आजोबांचं आयुष्य झवेरी बाजारात गेलं, तेव्हा थोडी उलटी बाजू. बायका शेजारणीच्या पाटल्या मागून आणायच्या, “अश्शाच घडवा.” आजोबा लाखेवर दाबून नक्षी उतरवून घ्यायचे आणि पाटली संध्याकाळच्या आत परत. कोणाला वावगं वाटत नसे. कोल्हापुरी साज घ्या. जुन्या हिशेबाने 21 पानं: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईत. यात कोण कोणाची कॉपी करणार? ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी, सगळ्यांचं तेच. पिढ्यान् पिढ्या एकमेकांचं बघूनच चाललंय.

पण त्या पाटल्यांच्या मागे कोणाचं नाव नव्हतं, आणि आजोबा वजन आणि घडणावळ घ्यायचे, ‘डिझायनर’ म्हणून वर काही लावत नव्हते. तुम्ही त्या कानातल्याला किती लावले होते?

तारवाली_मुलुंड

650. त्या बाईंचं इन्स्टावर 900 ला होतं. हे लिहिताना लाज वाटतेय.

नथीचा_आकडा

मी जरा कडू बोलते. माझी मोराची नथ, पिसाऱ्याच्या जागी तीन पाचूचे खडे, गणपतीआधी टाकली. दसऱ्याला तीच घाऊक बाजारात कास्टिंगमध्ये डझनाने लटकत होती. मोराची मान मी चुकून जास्त वळवली होती, तार तिथे दमली म्हणून. त्यांच्या मोराचीही मान तशीच! माझी चूकसुद्धा साच्यात ओतली. कोणाशी भांडणार? त्यामुळे एक जोड करून तुम्ही रात्र रात्र जागताय याचं मला कौतुकही वाटतंय आणि हसूही येतंय.

कामाचं सांगते. अशा बाईंना मी विचारते, यात तुम्हाला काय आवडलं? दहातल्या सात जणी सांगतात, “लांबी,” नाहीतर “वाजतं ते.” लांबी कोणाची नसते, छुमछुम कोणाची नसते. तेवढं घ्या आणि बाकीचं तुमच्या पक्कडीने करा. कानावर कसं बसतं, कुठे टोचतं, हे स्वतः घालून बघा. तुमची कडी तुम्हालाच सापडेल.

अर्धी_वकील

हे आवडलं. आणि ठाण्याच्या मुलीचा नंबर देऊन टाका ना सरळ. मरून ती करत नाही असं थोडंच आहे?

तारवाली_मुलुंड

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते. आकडाताईंचं ऐकून विचारलं, काय आवडलं? त्या म्हणाल्या, “सगळंच.” मग ठाण्याच्या मुलीची लिंक पाठवली. त्यावर उत्तर आलं, “ती 1,400 सांगते, म्हणून तर तुम्हाला विचारलं.” 300 जीपेने परत केले. त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला, पुढे काही नाही.

चंद्रकोरीचे चार जोड उरले होते. काल रात्री एकाची कडी कापली, तर वजन पुढे जाऊन कानातलं खाली बघायला लागलं. म्हणजे वेल नसला तरी तिचा उपयोग होताच. त्या बाईंना इन्स्टावर मेसेज लिहिलाय, अजून पाठवला नाही. “नमस्कार काकू, दिवाळीत दादरला” इथपर्यंत झालाय.