बुधवारचा तांबडा रस्सा एकाच कुकरात, पांढरा रविवारी: पटतंय का?

कळंबेकर

कोल्हापुरात बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. रविवारी घरोघरी सगळं साग्रसंगीत होतं, त्याबद्दल वाद नाही. बुधवारी मात्र बऱ्याच घरांत आता पार्सल येतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतून सुटलेला माणूस सातला घरी पोचतो आणि येतानाच रश्श्याच्या पिशव्या घेऊन येतो. मला याचं वाईट वाटतं. कारण वेळ नाही असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते खरी अडचण पसाऱ्याची आहे. अळणीचं, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखट पाण्याचं पातेलं, खोबरं भाजायला तवा, वाटण परतायला कढई, पांढऱ्याला वेगळं पातेलं, सुक्क्याला वेगळी कढई, शेवटी भाकरीचा तवा. रात्री साडेदहाला ते घासत कोण बसणार?

म्हणून मी बुधवारी असं करतो. अर्धा किलो मटण घेताना मांडी, चाप आणि एक-दोन नळ्या मिसळून सांगतो, थोडी चरबी राहू देतो. पाच लिटरचा कुकर कोरडाच गॅसवर. त्यात मूठभर सुक्या खोबऱ्याचे काप बारीक आचेवर भाजायचे, कडा तपकिरी झाल्या की दोन चमचे तीळ, चमचाभर खसखस. तीळ तडतडले की सगळं थेट मिक्सरच्या भांड्यात. त्याच कुकरात तेल आणि दोन उभे चिरलेले कांदे, तांबूस होईपर्यंत. निम्मा कांदा वाटणात, निम्मा कुकरात. त्यावर मटण, हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचा गोळा. आता झाकण न लावता परतत राहायचं. मटणाला आधी पाणी सुटतं, ते आटतं, मग कडेनं तेल दिसायला लागतं. या दहा मिनिटांत घाई केली की रस्सा पाणचट होतो, मग वर काहीही घाला. त्यानंतर पाच-सहा वाट्या कढत पाणी, मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या, पुढं बारीक आचेवर पंधरा मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्यायची. उघडलं की पोरांसाठी दोन वाट्या अळणी बाजूला काढायचं, मग वाटण आणि घरची चटणी (म्हणजे मसाल्याचं तिखट) घालून पाच मिनिटं खळाखळा उकळायचं.

पांढरा नाही, सुक्कं नाही. भात किंवा भाकरी, कांदा, लिंबू. तासाभरात माणसं जेवायला बसतात. माझं म्हणणं असं की पांढऱ्याचा हट्ट बुधवारपुरता सोडला तर तांबडा घरात टिकेल. तुम्ही सांगा.

मंगळवारपेठ_जुनी

नाही पटत, भावा. पांढरा हा काही वरचा साज नव्हे. अळणी एकच, त्यातनंच निम्मं तांबड्याला आणि निम्मं पांढऱ्याला जातं. तांबड्याचा भुरका मारून जीभ तापली की पांढऱ्याची वाटी तोंडाला लावायची, परत तांबडा. आमच्याकडं पंक्तीत वाढपी दोन बादल्या घेऊन फिरतात, एक मागं एक. एक बादली काढून घेतलीस तर उरतं ते मटणाचं कालवण. कालवण म्हण की त्याला, चांगलंच लागतं. तांबडा-पांढऱ्याचं नाव कशाला लावतोस?

आणि दुसरं. उकळत्या रश्श्यात चटणी टाकल्यावर तर्री कुठनं येणार? रंग पाण्यात विरघळत नाही, त्याला तेल लागतं. चटणी तेलात फुलल्याशिवाय वर लाल तवंग धरत नाही.

कळंबेकर

तर्रीचं तुमचं बरोबर, ते लिहायचं राहिलं. फोडणीच्या पळीत तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, तेल जरा निवलं की चटणी घालायची आणि लगेच डावभर गरम अळणी. धूर येईपर्यंत तापलेल्या तेलात चटणी टाकली तर काळी पडते आणि रस्सा कडवट होतो. ही पळी आमटीला रोज लागतेच, ती मी भांडं म्हणून मोजत नाही.

दोन_पाळ्यांची_नोकरी

दादांना माझा पाठिंबा. मी नर्स आहे, माझी एक पाळी रात्री आठला सुटते. जे लोक पांढऱ्याशिवाय ताट पुरं होत नाही म्हणतात त्यांच्यातले किती जण स्वतः नारळ खवून दूध काढतात ते एकदा सांगावं. आमच्या सासूबाई सणवार, जावळ, जत्रा सगळं उभ्यानं निभावायच्या, घरात चार बाया हाताखाली असायच्या. आता मी एकटी असते. आषाढात त्र्यंबोलीच्या जत्रेला आम्ही सगळा स्वयंपाक करतोच, तेव्हा जावा-नणंदा येतात, अंगणात मोठं पातेलं चढतं. तो दिवस आणि नुसता बुधवार यांत फरक करायला काय हरकत आहे? मटण मांडीचं आहे की चापेचं हे मुलीला घरी शिजवल्यामुळं कळायला लागलं. पार्सलच्या पिशवीतून आलेले चार तुकडे कुठले, काय, तिला कधी कळलं असतं?

गडहिंग्लजकडचा

मी विरोधात, आणि कारण पांढरा नाही. कारण कुकर. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन झालं होतं, आठवतं ना? किलोमागं काही रुपये वाढले म्हणून लोक रस्त्यावर आले. ज्या वस्तूसाठी आपण इतकं भांडतो ती घरी आणून शिट्ट्यांवर सोडून द्यायची हे मला समजत नाही. पातेल्यात झाकणावर पाणी ठेवून मटण शिजवलं की मधेमधे तुकडा दाबून बघता येतो, पाणी घालता येतं, आच कमी-जास्त करता येते. कुकर उघडेपर्यंत आत काय चाललंय कुणाला माहीत? मोठ्या जनावराचं निघालं तर चिवट, कोवळं निघालं तर हाडावरून सुटून लगदा. आमच्याकडं संकेश्वरी मिरची घरची असते, चटणी उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतो, त्या चटणीला लगदा झालेलं मटण शोभत नाही.

प्रयोगशाळेतली_ताई

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून चवीपेक्षा तापमानाचं बोलते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथं उघड्या पातेल्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यापुढं गॅस कितीही मोठा केला तरी रश्श्याचं तापमान वाढत नाही. कुकरात पूर्ण दाबाला ते १२० च्या जवळ जातं. मटणाच्या सांध्यात, नळीला जो चिवट पांढरा पडदा असतो तो गरम पाण्यात हळूहळू विरघळून चिकट होतो, रश्श्याला अंगचा दाटपणा त्यामुळं येतो. तेच काम कुकरात निम्म्याहून कमी वेळात होतं. तेव्हा कुकरमुळं रस्सा हलका होतो असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. मटण लगदा होतं ते जास्त वेळ ठेवल्यामुळं. मोठी आच दोन शिट्ट्यांपुरती आणि मग बारीक, ही कळंबेकरांची पद्धत बरोबर आहे. वयाचा अंदाज मात्र मटणवाल्याला विचारूनच घ्यावा, बहुतेक जण खरं सांगतात.

पण भाजणं कुकर करू शकत नाही, हे ठामपणे सांगते. खोबऱ्याला, कांद्याला जो तपकिरी रंग आणि वास येतो त्याला कोरडी उष्णता लागते, साधारण १४० अंशांच्या वरची. पाणी असेपर्यंत तिथवर जाताच येत नाही. हल्ली सगळं कच्चं वाटून एकदम कुकरात टाकायचं आणि शिट्ट्या मोजायच्या, असे व्हिडिओ फिरतात. त्यात रंग चटणीचा येतो, चव उकडलेल्या कांद्याची. वेळ वाचवायचा तर भाकरी विकत आणा, भात लावा, कोशिंबीर सोडा. भाजायची ती पंधरा मिनिटं सोडू नका.

गडहिंग्लजकडचा

ताई, तापमानाचं मान्य. हाताला अंदाज येतो तो पातेल्यातच, यावर मी ठाम आहे. नव्या पोरांनी पहिलं वर्षभर तरी पातेल्यात शिजवावं, मग कुकर.

हिंजवडीतला_फुलेवाडीकर

पुण्यात राहतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा. बुधवारी भाजायला पण जमत नाही. मी रविवारी खोबरं, तीळ, खसखस, कांदा भाजून, अगदी कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो. बुधवारी चार तुकडे काढले की झालं. वासात फरक पडतो, पण थोडाच. लसूण आणि कोथिंबीर त्यात घालू नये, ती ताजीच. इकडं दुकानात मिळणारी कोल्हापुरी म्हणून विकली जाणारी पुडी वापरून बघितली, नुसतं तिखट आणि मीठ. लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे जाळ. आईच्या चटणीत ब्याडगी निम्म्याहून जास्त असते, रंग तिचा, तिखटपणा लवंगीचा, आणि अंग खोबरं-तीळ-लसणाचं. चटणी चांगली असेल तर बुधवारचं निम्मं काम मे महिन्यातच झालेलं असतं.

माळकरी_शाहूपुरी

आख्खा मसूर करा. एकच भांडं, सगळ्या वारांना चालतो, तीच चटणी, तेच वाटण. आमच्याकडं दर बुधवारी तोच.

कसबा_बावडा_काकू

सगळं वाचलं. वादात मी मंगळवारपेठ_जुनींच्या बाजूची, पण कळंबेकरांशी भांडण करायच्या आधी त्यांना करून दाखवते. पांढरा एका कुकरात होतो. दुसरा गॅस लागत नाही, दुसरं पातेलं लागत नाही. सोडायचं कारणच उरत नाही.

मटणात पाणी घातल्यावर एका स्टीलच्या वाटीत आठ-दहा काजू, चमचाभर खसखस, चमचाभर पांढरे तीळ, दोन हिरव्या मिरच्या आणि बुडेल इतकं पाणी घाला. वाटीवर छोटी ताटली झाका आणि ती मटणावर ठेवून कुकर लावा. मटण शिजतं तोवर हे मऊ होतं, कच्चेपणा जातो. उघडल्यावर वाटी चिमट्यानं काढा आणि मिक्सरला गंधासारखं बारीक वाटा. ज्या भांड्यात वाढायचं त्यातच हे वाटण, वर तीन वाट्या कढत अळणी गाळून, आणि शेवटी वाटीभर घट्ट नारळाचं दूध. ढवळा, झाका, संपलं. हे दूध कुकरात कधी घालू नका, खळखळ उकळूही नका, लगेच फाटतं. साधारण ८० अंशांच्या पुढं नारळाच्या दुधातलं प्रथिन गोठायला लागतं असं मुलानं मला सांगितलं, तो दुग्धशास्त्र शिकलाय. अळणी कढत आणि दूध घरातल्या हवेइतकं असलं की मिसळून ते बरोबर पिण्याजोगं होतं.

मात्र कळंबेकर, तुमच्या कृतीत दोन बदल करावे लागतील. तुम्ही निम्मा तळलेला कांदा कुकरात ठेवता, त्यानं अळणीला तांबूस रंग येतो आणि पांढरा पांढरा राहत नाही. कांदा सगळाच्या सगळा वाटणात काढा. हळद चिमूटभरच. आणि लवंगा, वेलदोडे, दालचिनीचा तुकडा, मिरी तेलात टाकून मगच मटण घाला, पांढऱ्याचा वास त्या खड्या मसाल्याचा असतो.

कळंबेकर

काकू, वाटीची युक्ती मला माहीत नव्हती, येत्या बुधवारी करणारच. एक विचारतो. नारळ खवून दूध काढण्यातच वीस मिनिटं जातात, नर्सताईंनी वर तेच म्हटलंय. पाकिटातलं चालेल?

कसबा_बावडा_काकू

चालेल, पण ते दाट असतं, वाटीभराला अर्धी वाटीच घ्या आणि बाकी अळणी वाढवा. नाहीतर रस्सा खीर लागतो. नारळ रविवारी खवून फ्रीजरला टाका, बुधवारी कोमट पाण्यात टाकून मिक्सरला फिरवलं की पाच मिनिटांत दूध निघतं. गाळणीवर मुठीनं दाबून पिळायचं. नर्सबाई, हे काम नवऱ्याला किंवा मुलीला द्या, त्याला शिकायला काही लागत नाही.

दोन_पाळ्यांची_नोकरी

मुलगी करेल, तिला मिक्सर लावायला आवडतं. पण काकू, आठला सुटून आलेल्या दिवशी मी पांढरा करणार नाही, हे सांगून ठेवते. सकाळच्या पाळीच्या बुधवारी करेन. आणि ज्या दिवशी पांढरा नसेल त्या दिवशीही मी त्याला तांबडा रस्साच म्हणणार.

मंगळवारपेठ_जुनी

म्हणा ताई, तुमच्या कष्टापुढं मी नावावरनं भांडत नाही. काकूंनी पांढरा आणला, माझी निम्मी तक्रार मिटली. आता सुक्क्याचं बोला. सगळं मटण रश्श्यातच बुडवलंत तर भाकरीबरोबर खायचं काय? मसाला धरलेला, कोरडा, कडेला जरा चिकटलेला तुकडा एका कुकरात होणार कसा?

कळंबेकर

होतो, पण आधी रस्सा उपसावा लागतो. अळणी गाळून पांढऱ्याला काढलं, तांबडा उकळून वाढायच्या पातेल्यात ओतला, की तुकडे कुकराच्या तळाशीच राहतात. त्यावर दोन चमचे वाटण, चमचाभर चटणी, पळीतलं उरलेलं तेल, आणि मोठ्या आचेवर तळाला धरेपर्यंत परतायचं. नळ्या आधी रश्श्यात घालाव्यात, त्या सुक्क्यात कामाच्या नाहीत. फक्त मग वाढायला दोन भांडी आणि एक कुकर, म्हणजे घासायला तीन झाली. ती तिसरी तुमच्या नावावर.

मंगळवारपेठ_जुनी

घासतो. बुधवारी सातला येऊ?