मदत हवी आहे: डायलिसिसच्या नळीतून रक्तात जंतू गेले, ताप उतरला, पण आईची पाठ वाढत्या प्रमाणात दुखतेय

नमस्कार. आई डायलिसिसवर आहे. वय ६१, मधुमेह जुना. आम्ही मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला राहतो. मानेतल्या कॅथेटरमुळे रक्तात संसर्ग झाल्याचा अनुभव ज्यांच्या घरात आहे त्यांनी, आणि इथे वाचणाऱ्या डॉक्टर-सिस्टर मंडळींनी कृपया वाचून सांगा. लांब लिहितेय, कारण अर्धवट माहिती देऊन उत्तर मागणं बरोबर वाटत नाही.

आईच्या डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडायचं ऑपरेशन) केला होता. शीर बारीक निघाली, तो चालला नाही. म्हणून शिमग्याच्या सुमारास मानेच्या उजव्या बाजूने परमकॅथ बसवला. छातीच्या कातडीखालून वर जाऊन मानेतल्या मोठ्या शिरेत शिरते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्याशी पोचते ती नळी. डायलिसिस आठवड्यातून दोनदा. मिरग लागेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

आषाढात एकदा मशीन सुरू होऊन अर्धा तासही झाला नसेल, आईला हुडहुडी भरली. दात वाजत होते, अंगावर घालू तेवढं कमीच. सेंटरवर लगेच अँटिबायोटिक दिलं. रक्ताचं कल्चर (जंतू उगवतात का ती तपासणी) त्याच्या आधी घेतलं गेलं नाही, नंतर घेतलं त्यात काही उगवलं नाही. ताप गेला, नळी तीच राहिली. पंधरवड्याने पुन्हा तेच. घरी ठणठणीत, मशीनला जोडलं की थंडी. या वेळी मी हट्ट धरला आणि औषधाच्या आधी कल्चर गेलं, नळीतून वेगळं आणि हाताच्या शिरेतून वेगळं. दोन्हीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, मेथिसिलिन गटाच्या अँटिबायोटिकला दाद देणारा. नळीतल्या रक्ताची बाटली हातातल्या रक्ताच्या बाटलीपेक्षा दोन तासांहून जास्त आधी पॉझिटिव्ह झाली, त्यावरून जंतूंचं घर नळीतच आहे असं डॉक्टरांनी सांगितलं.

नळी काढली. मध्ये काही काळ जांघेतल्या तात्पुरत्या नळीवर डायलिसिस, मग मानेच्या डाव्या बाजूने नवा परमकॅथ. दोन आठवडे सेफाझोलिन हे अँटिबायोटिक, प्रत्येक डायलिसिस संपताना. आई पुन्हा पेज-भात जेवायला लागली, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. औषध थांबलं.

आता पाठीचं. औषध संपायच्या आधीच थोडी दुखायला लागली होती. कमरेच्या जरा वर, अगदी मधोमध. आडवी झाली तरी दुखते, रात्री जास्त दुखते, कूस बदलताना तोंडातून आवाज निघतो. डायलिसिसच्या खुर्चीवर चार तास काढणं अशक्य झालंय. "माका बसाक जमणा नाय गो," म्हणते, आणि माझी आई सहसा तक्रार करणारी बाई नाही. एक्स-रे काढला. वयाप्रमाणे झीज आहे, बाकी ठीक, असं सांगून पट्टा आणि लावायचं मलम दिलं. ताप मोजतेय, अजिबात नाही. सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) मात्र ८६ आला. दुसऱ्या एका डॉक्टरांनी मणक्याचा टीबी असू शकतो म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू करू या असं सुचवलंय. त्या मी अजून सुरू केलेल्या नाहीत.

माझा मुख्य प्रश्न हा की ताप गेला म्हणजे जंतू गेले असं धरायचं का? नळीतले जंतू मणक्यात जाऊन बसतात असं होतं का, आणि होत असेल तर ते एक्स-रेत का दिसलं नाही? एमआरआय करायचा तर किडनीच्या पेशंटला त्यातलं डायचं इंजेक्शन चालत नाही असं ऐकलंय, ते खरं का? छातीवरून केलेला टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आहे, तेवढा पुरे का? शिवाय जायचं कुठे, फोंडाघाट चढून कोल्हापूर की गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज? चतुर्थी तोंडावर आलीय, मुंबईकरांच्या गाड्यांनी हायवे भरायला लागेल. डायलिसिसच्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेतच सगळं बसवावं लागणार आहे.

सेंटरवरची मुलं मनापासून काम करतात. हे कोणाविरुद्ध लिहीत नाहीये. मला फक्त पुढचं पाऊल चुकायला नको आहे.

---

प्रतिसाद

ताई, आधी हे आत्ता तपासून लिहा. आईंच्या दोन्ही पायांत ताकद आहे का? उठून उभ्या राहताना गुडघे लचकतात का? मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा? शौचावरचा ताबा? लघवी होत असेल तर ती अडकते का? यातलं एक जरी नव्याने सुरू झालं असेल तर चतुर्थी, पाळी, काहीही न बघता त्याच रात्री गाडी काढा. मणक्याच्या आत मज्जारज्जूभोवती पू साठला तर पाय काही तासांत जाऊ शकतात, आणि गेलेली ताकद परत येईलच असं नसतं.

मी नेफ्रॉलॉजीत, म्हणजे किडनीविकार विभागात काम करतो. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण तुमची शंका रास्त आहे. स्टॅफ ऑरियस एकदा रक्तात फिरला की तो हृदयाच्या झडपांवर, मणक्यांच्या मधल्या चकतीत, फुप्फुसात, सांध्यात जाऊन बसू शकतो. डायलिसिसच्या नळीवाल्या पेशंटमध्ये हे आम्ही पाहतो. ताप नसणं हा भरवशाचा पुरावा नाही. मधुमेह आणि किडनी या दोन्हींमुळे प्रतिकारशक्ती मंदावते आणि ताप येईलच असं नसतं. रात्रीची, आडवं होऊनही न थांबणारी पाठदुखी आणि ८६ सीआरपी हे झिजेचं चित्र नाही. डायलिसिसवाल्यांचा सीआरपी एरवीही थोडा वर असतो, पण इतका नाही. हाड बऱ्यापैकी खाल्लं जाईपर्यंत एक्स-रेत काही दिसत नाही, पहिले दोन-चार आठवडे तो नॉर्मल असू शकतो.

एमआरआय करा. साध्या, डायशिवायच्या एमआरआयमध्येही चकतीचा संसर्ग बहुतेक वेळा कळतो. एमआरआयच्या डायमधल्या गॅडोलिनियमची भीती जुन्या प्रकारच्या डायमुळे आहे. त्यामुळे कातडी आणि अवयव आखडणारा एक गंभीर आजार किडनीच्या पेशंटना होत असे. आता वापरात असलेल्या सुरक्षित गटातल्या डायने तो अत्यंत क्वचित होतो. गरज लागली तर रेडिओलॉजिस्ट तसाच डाय निवडून डायलिसिसच्या थोडं आधी देतील. डायसाठी तपासणी मात्र अडवून ठेवू नका.

टीबीच्या गोळ्या न तपासता सुरू करू नका. आपल्याकडे मणक्याचा टीबी भरपूर आहे हे खरं, पण तो बहुधा महिनोन्महिने हळूहळू वाढतो आणि चकती बऱ्याचदा उशिरा धरतो. नुकताच रक्तात स्टॅफ ऑरियस सापडलेला असताना आणि एमआरआय त्याच्याशी जुळत असताना मणक्यात सुई घालून नमुना घेण्याचीही सहसा गरज पडत नाही. नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी रक्ताची कल्चर मात्र पुन्हा पाठवा, नळीतून आणि हातातून.

एको. छातीवरून केलेला एको नॉर्मल असला तरी या जंतूत तेवढ्यावर थांबत नाहीत. अन्ननलिकेत नळी घालून करतात तो, टीईई, झडपेवरची बारीक वाढ आणि कॅथेटरच्या टोकाशी धरलेली गुठळी जास्त नीट दाखवतो.

शेवटचा मुद्दा तुमच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. सेफाझोलिन डायलिसिसनंतर देण्याचा प्रघात आठवड्यातल्या तीन डायलिसिसच्या हिशेबाने बसवलेला आहे. आईंचं दोनदाच आहे, म्हणजे मध्ये तीन-चार दिवसांची फट पडते. तेवढा वेळ औषधाची पातळी पुरते का? एकतर उपचारापुरतं डायलिसिस तीनदा करावं, नाहीतर रोजच्या डोसचं गणित मांडावं. कोकणात दोनदा डायलिसिसवाले पेशंट खूप आहेत, म्हणून सविस्तर लिहिलं.

---

प्रतिसाद

आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे, पण नळी पुन्हा बदलायची वेळ आली तर उपयोगी पडेल. आम्ही राजापूरचे. वडिलांचा परमकॅथ बरेच महिने आत होता. संसर्ग झाला म्हणून काढायला घेतला. नळी धरून ठेवणारा कातडीखालचा कापडी पट्टा (कफ) सुटला, पण नळी जागची हलेना, शिरेच्या भिंतीला चिकटली होती. तिथल्या सर्जननी जोर लावला नाही, मुंबईला पाठवलं, त्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. ओढली असती तर आत तुटून तुकडा हृदयाकडे गेला असता किंवा शीरच फाटली असती. मुंबईत नळीच्या पोकळीत फुगा घालून तो फुगवला, नळी भिंतीपासून मोकळी केली आणि मग अलगद काढली. असं क्वचित होतं, पण जुनी नळी काढताना विचारून ठेवा, की अडकली तर पुढे काय.

आणखी एक. नळी काढताना पेशंटला आडवं ठेवतात, डोकं खालच्या बाजूला. बसवून काढली तर भोकातून शिरेत हवा ओढली जाऊ शकते. काढल्यावर दाबून धरून हवाबंद पट्टी लावतात आणि थोडा वेळ उठू देत नाहीत. वडील उठायची घाई करत होते, सिस्टरनी जवळजवळ धरून ठेवलं.

---

प्रतिसाद

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे, किनाऱ्यालगतच्याच गावात. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा चिकट थर धरतो, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. वरून औषध दिलं की रक्तातले मरतात, थरातले राहतात, आणि मशीन सुरू झालं की रक्ताच्या ओघाबरोबर सुटून अंगात जातात. घरी बरं आणि मशीनवर थंडी, हे त्यामुळेच.

नव्या नळीची काळजी लिहिते, पावसाळ्यात हे जास्त जपावं लागतं. जोडताना-सोडताना आईनेही मास्क लावायचा आणि तोंड दुसरीकडे फिरवायचं. टोपण काढल्यावर, जोडायच्या आधी नळीचं तोंड अँटिसेप्टिकने घासून पूर्ण वाळू द्यायचं, नुसतं पुसून चालत नाही. दमट हवेत घामाने पट्टी कडेने सुटते. सुटलेली दिसली की त्याच दिवशी बदलून घ्या, पुढच्या पाळीची वाट बघू नका. अंघोळ कमरेखाली, वरचं अंग पिळलेल्या फडक्याने पुसून. न्हाणीत तांब्याने डोक्यावरून पाणी नको, नदी-तळीचं तर अजिबात नको. आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेलात तर या नळीतून सलाईन लावू द्यायचं नाही, तपासणीचं रक्तही काढू द्यायचं नाही. ती फक्त डायलिसिसची. ठामपणे सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

उजव्या हाताच्या शिरा जपा. पुढचा फिस्टुला तिथे होऊ शकतो. रक्त काढायचं ते हाताच्या पंज्याच्या मागून.

---

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. पाय व्यवस्थित आहेत, बधिरपणा नाही, हे त्याच रात्री तपासलं. नेफ्रॉलॉजीवाल्या दादांचा प्रतिसाद मोबाईलवर आमच्या डॉक्टरांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच चिठ्ठी दिली. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फोंडाघाटाने कोल्हापूर गाठलं. घाटात पाऊस होता, आईला मागच्या सीटवर आडवं करून नेलं.

एमआरआयमध्ये कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधल्या चकतीत संसर्ग आहे. मणक्याच्या पुढच्या बाजूला थोडा पू, मज्जारज्जूभोवती काही नाही. तिथे दाखल केलं. रक्तात पुन्हा तोच जंतू सापडला, म्हणजे डावीकडची नवी नळीही बदलावी लागणार. टीईई झाला, झडपा स्वच्छ आहेत. टीबीच्या गोळ्यांचा विषय मिटला. निदान सहा आठवडे इंजेक्शन, आणि औषधाची फट पडू नये म्हणून तेवढा काळ आठवड्याला तीन डायलिसिस, हे तिथल्या डॉक्टरांनाही पटलं. नळी काढताना अडकली तर काय, हेही विचारलं. त्यांच्याकडे सोय आहे. उजव्या हाताच्या शिरांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) जंतू गेल्यावर.

आता एक व्यवहाराचं विचारते. घरी सोडल्यावर गावाजवळच्या सेंटरवर तिसरी पाळी मिळणं कठीण दिसतंय. महात्मा फुले योजनेत (सरकारी मोफत उपचार योजना) वाढीव डायलिसिस बसतं का, आणि त्यासाठी कागद कोल्हापूरहून आणायचे की इथल्या आरोग्यमित्राकडूनच (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) होतं? शिवाय सहा आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करून बघायचा का?

---

प्रतिसाद

योजनेचं आधी आरोग्यमित्रांना गाठून विचारा, पण जाताना डिस्चार्ज कार्डावर "संसर्गाच्या उपचारासाठी आठवड्यातून तीन डायलिसिस, सहा आठवडे" असं स्पष्ट लिहून, सही-शिक्क्यासह घेऊन जा. तोंडी सांगितलेलं टिकत नाही. तिसरी पाळी मिळालीच नाही तर सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, फट ठेवून घरी नेऊ नका.

एमआरआयची घाई नको. दुखणं उतरतंय, सीआरपी खाली येतोय, कल्चर निगेटिव्ह आहेत, तर उपचार लागू पडतोय. हाडातलं चित्र बऱ्याच उशिरा सुधारतं. बरं होत असतानाही एमआरआय आधीपेक्षा वाईट दिसू शकतो आणि घरची माणसं उगाच घाबरतात. चार आठवड्यांनी दुखणं तसंच असेल किंवा सीआरपी हटत नसेल, तेव्हा पुन्हा करा. पायांची ताकद मात्र रोज बघत राहा, उभं करून.